विटाळ कुणाच्या हाताचा?



पाणवठा झाला, गावकूस झालं, नामांतर झालं, राखीव जागा झाल्या. अत्याचार तर रोजचेच. ह्या सगळ्यावर आपण बोललो, लिहिलं, लाठ्या खाल्ल्या. पण बाळंतिणीच्या खाटेशी आपली चळवळ अजून जाऊन बसलेली नाही. ते म्हणे बायकांचं काम! बाप्या माणसानं उंबऱ्याबाहेर बिडी ओढत बसायचं. आतून रडणं ऐकू आलं की पेढे, आणि नाही ऐकू आलं की नशीब.

ह्या 'नशीब' शब्दाशीच माझं भांडण आहे. ज्याला आपण नशीब म्हणतो त्याला जंतू आहे, त्या जंतूला नाव आहे, त्याची तपासणी आहे, त्याचं औषध आहे. आणि ते औषध आपल्या दारापर्यंत का पोचलं नाही ह्याला कारण आहे. त्या कारणाला जात आहे.

१८५५ साली जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मांगाची पोर, मुक्ता साळवे, हिनं मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदया'त छापून आला. तिचं नाव आपण भाषणात घेतो, कारण तिनं धर्माला जाब विचारला. पण त्याच निबंधात तिनं आणखी एक जाब विचारलाय. आपल्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील, आणि बाळंतरोग जडला तर वैद्याला-औषधाला पैसा कुठून आणायचा, असं ती पोर विचारते. हा भाग आपण गाळतो. १९८६ साली बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं आलं. महारवाड्यातल्या बाळंतपणाचे हाल त्यांनी उघड्या डोळ्यांनी लिहून ठेवले. आपण वाचलं, डोळे पुसले आणि पुढच्या मोर्चाला गेलो. मुक्ताच्या सवालाला उत्तर कुणी दिलं?

मुक्ता लिहीत होती तेव्हा त्या बाळंतरोगाचं कारण जगात अगदी बोटावर मोजण्याइतक्या माणसांना कळलेलं होतं. आणि बाकीचे डॉक्टर त्यांना खोटं पाडण्यात गुंतले होते. ती गोष्ट आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ पाहिजे. 'विटाळ' ह्या शब्दाची सालं काढणारी ह्याच्याहून चांगली गोष्ट मला ठाऊक नाही.

व्हिएन्नाचे विद्वान हात

व्हिएन्ना शहरात एक मोठं सरकारी इस्पितळ. तिथं बाळंतिणींचे दोन वॉर्ड. पहिल्या वॉर्डात डॉक्टर आणि डॉक्टरकीचे विद्यार्थी. दुसऱ्यात सुईणी. बाया सगळ्या गरीब. फुकट उपचार मिळतो म्हणून आलेल्या, आणि त्या बदल्यात शिकाऊ पोरांच्या हातांना आपलं अंग देणाऱ्या. १८४६ साली पहिल्या वॉर्डात शंभरातल्या ११ हून अधिक बाया तापानं मेल्या. सुईणींच्या वॉर्डात शंभरात ३ सुद्धा नाही. शहरातल्या गोरगरीब बायांना हे माहीत होतं. पहिल्या वॉर्डात घालू नका म्हणून त्या गुडघ्यावर बसून रडत. रस्त्यातच बाळंत होऊन मग इस्पितळात आलेल्या बायासुद्धा ह्या वॉर्डातल्या बायांपेक्षा कमी मरत. म्हणजे रस्त्यावरची धूळ परवडली, विद्वानांचा हात नको!

विद्वानांनी कारणं काय काय शोधली. हवा खराब आहे. बाया घाबरट आहेत. पाद्री घंटा वाजवत वॉर्डातून जातो, त्याची धास्ती बसते. हवा दोन्ही वॉर्डांत एकच होती. पाद्र्याचा रस्ता बदलला तरी बाया मरतच राहिल्या.

इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तिथला एक तरुण डॉक्टर ह्या गोष्टीनं झपाटला. मार्च १८४७ मध्ये त्याचा एक प्राध्यापक मित्र मेला. प्रेत चिरताना विद्यार्थ्याचा चाकू त्याच्या बोटाला लागला होता. त्याच्या प्रेताच्या तपासणीत जे सापडलं ते बाळंतरोगानं मेलेल्या बायांच्या पोटात सापडायचं तेच. सेमेलवाइसच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेतं फाडत, आणि तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासत. सुईणी प्रेतं फाडत नव्हत्या. बस, एवढाच फरक.

मे १८४७ पासून त्यानं सक्ती केली. वॉर्डात शिरण्याआधी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे. १८४८ साली पहिल्या वॉर्डातला मृत्यूचा आकडा शंभरी सव्वावर आला, सुईणींच्या वॉर्डाइतका. औषध नवं नाही, यंत्र नवं नाही. फक्त हात धुतले.

मग त्याचा सत्कार झाला असेल? त्याची मुदत संपली तेव्हा वरिष्ठांनी त्याला पुन्हा ठेवलं नाही. त्याच्या म्हणण्याचा अर्थ एवढाच होता की बायांना मारणारे आपण आहोत, आणि हे कुणाला ऐकायचं होतं? तिकडे अमेरिकेत बाळंतपणाचा एक नामांकित प्राध्यापक सांगत होता की डॉक्टर म्हणजे सभ्य गृहस्थ, त्यांचे हात घाण असतीलच कसे? ओळखीचं वाटतं ना? अहो, ही तर आपल्याकडची सोवळ्याची भाषा! कूळ चांगलं म्हणून हात चांगला. १८६५ साली सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात मेला. १८७९ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चरनं बाळंतरोगाचा साखळीसारखा दिसणारा जंतूच विद्वानांसमोर मांडला, तेव्हा कुठं तोंडं बंद व्हायला लागली.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सुईणींचा वॉर्ड बरा होता तो सुईणी पवित्र होत्या म्हणून नव्हे. त्यांच्या हाताला प्रेताची घाण लागत नव्हती म्हणून. जंतू जात पाहत नाही, पदवी पाहत नाही, कूळ पाहत नाही. तो हात पाहतो. मनूचा विटाळ माणसाला चिकटतो, जन्मभर, पिढ्यान्‌पिढ्या, आणि कशानंच धुतला जात नाही. हा विटाळ साबणानं धुतला जातो. दोन्हींत एवढा फरक आहे, आणि हा फरक आपल्या वस्तीतल्या प्रत्येक माणसाला समजावून सांगणं हे जातिअंताचंच काम आहे.

सुईणीला पाणी कुणी नाकारलं?

आता आपल्या देशात या. इथं बाळंतीण बाई विटाळशी. सोयर दहा दिवस. तिला शिवायचं नाही, तिची खाट घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात नायतर गोठ्याशेजारी. अंथरायला गोधडी जुनीच, कारण विटाळली की फेकायची. म्हणजे शुद्धतेच्या नावाखाली बाईला घरातल्या सगळ्यात घाण जागेत, सगळ्यात घाण चिंध्यांवर टाकायचं. जंतूला ह्याहून चांगलं आमंत्रण कोण देईल? हे सोवळं नव्हतं, जंतूंची पैदास होती!

आणि नाळ कोण कापणार? रक्ताला हात कोण लावणार? तिथं मांगीण आठवते. महाराष्ट्रात गावोगाव सुईणपण मांगाच्या बायांकडं, उत्तरेत चांभाराच्या बायांकडं. जी बाई एरवी दारात उभी राहिलेली चालत नाही ती त्या रात्री थेट खाटेपाशी चालते. पाटलाच्या लेकराला जगात आणणारा पहिला हात तिचा. पोर बाहेर आलं की तीच पुन्हा अस्पृश्य. चोळीचा खण आणि पायलीभर जोंधळे घेऊन तिनं मागल्या दारानं निघायचं.

इंग्रज साहेब आणि इथले सुधारक एका गोष्टीवर एकमत होते. बाया मरतात त्याला दाई जबाबदार. दाई घाणेरडी, दाई अडाणी. १९०३ साली दायांना शिकवायला व्हाइसरॉयच्या बायकोनं फंड काढला. हात धुवा म्हणून सांगितलं. ठीकच सांगितलं. पण एकानं तरी विचारलं का की हिला पाणी कोण देतं? जिला विहिरीवर चढायची बंदी, जिनं घागर खाली ठेवून कुणीतरी वरून ओतेल म्हणून दुपारभर वाट बघायची, तिनं हात कशानं धुवायचे? तुमच्या लेकी-सुनांच्या अंगात ताप त्या हातानं शिरला असेल तर त्या हाताला पाणी नाकारणारा कोण होता?

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते माणुसकीच्या हक्काचं पाणी. तुम्ही तसंच म्हणा. पण मी पुढं आणखी एक वाक्य जोडतो. तेच पाणी बाळंतिणीच्या आणि बाळाच्या जिवाचंही होतं. वैद्यकाच्या पुस्तकात जे सेमेलवाइसनं लिहिलं त्याचा अर्धा भाग ह्या देशात महाडला लिहिला गेला. हात धुवायला आधी पाणी लागतं, आणि पाण्यावर जात बसलेली होती.

दाईला देवी करणारेही हल्ली निघालेत. परंपरेचं ज्ञान वगैरे. त्यांनाही माझा रामराम. विळ्यानं नायतर हाताला येईल त्या पात्यानं नाळ कापली, वर राख नायतर शेण लावलं, की धनुर्वाताचा जंतू बाळाच्या अंगात. पहिले दोन दिवस बाळ चांगलं पितं. मग आठवड्याच्या आसपास तोंड उघडेना, अंग लाकडासारखं, झटके, आणि खेळ खलास. आपले लोक म्हणायचे, पाचवीच्या रात्री सटवाईनं कपाळावर लिहिलं होतं. सटवाईनं काही लिहिलं नव्हतं. विळ्यानं लिहिलं होतं. आईला गरोदरपणी धनुर्वाताचं इंजेक्शन आणि नाळेला उकळलेलं पातं, एवढ्यानं ती लिपी पुसता येते. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं की भारतात माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झालं, म्हणजे एकेका जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागं एकाहून कमी. हजारो वर्षांची सटवाई लसीपुढं हरली. मग बाकीच्या रोगांपुढं आपण अजून नवस कशाला बोलतोय?

पोटातल्या लेकरावरचा प्रयोग

पण विज्ञान म्हणजे देव नाही. विज्ञान कुणाच्या हातात आहे हेही बघावं लागतं. त्यासाठी १९७२ साल आठवा. आपल्याकडं मुंबईत दलित पँथर उभी राहिली ते साल. ज्या काळ्या पँथरवरून आपण नाव घेतलं त्यांच्या देशात त्याच वर्षी जुलैत एक भानगड फुटली.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचं गाव. १९३२ पासून तिथं सरकारी आरोग्य खात्याचा एक अभ्यास चालू होता. ३९९ काळे शेतमजूर, सगळ्यांना उपदंश, म्हणजे आपण ज्याला गरमी म्हणतो तो रोग. जोडीला रोग नसलेले २०१. त्यांना सांगितलं की तुमचं रक्त खराब आहे, आम्ही इलाज करतो. इलाज केलाच नाही. रोग माणसाला कसा कसा खातो ते मरेपर्यंत बघायचं होतं. त्या बदल्यात गरम जेवण आणि मेल्यावर पुरायचा खर्च. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे ह्या रोगावरचं हुकमी औषध ठरलं. ते ह्यांना दिलं नाही. पुढं २५ वर्षं दिलं नाही.

आता हा रोग बापापाशी थांबतो का? बायकोला होतो. बायको गरोदर असेल तर जंतू वारेतून पलीकडं जातो आणि पोटातल्या लेकराला धरतो. पोट पडतं, मेलेलं मूल जन्मतं, नायतर जन्मतं ते हाडं, डोळे, कान, मेंदू पोखरलेलं. टस्कीगीच्या वह्यांत पुरुषांची नावं होती. त्यांच्या बायका आणि लेकरं अभ्यासात धरलेलीच नव्हती. जणू रोग त्यांच्या घरी गेलाच नाही. भानगड फुटल्यावर मोफत उपचाराची सोय झाली, तीही आधी पुरुषांची. बायका, विधवा आणि लेकरांची नावं १९७५ साली जोडली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटननं माफी मागितली ती १९९७ साली. गोऱ्यांच्या वस्तीत असा अभ्यास चाळीस वर्षं चालला असता का? उत्तर तुम्हाला माहीत आहे. कारण तुमच्या गावातही पहिलं खणायचं झालं की महारवाडा आणि शेवटी नळ यायचा झाला की महारवाडा.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०१६ साली जगात ६,६१,००० गरोदरपणांत हा रोग आईकडून बाळाला गेला. त्यातली दोन लाखांहून अधिक बाळं मेलेली जन्मली नायतर जन्मून लगेच गेली. ज्या रोगाची तपासणी बोटातल्या थेंबभर रक्तावर होते आणि आईला पेनिसिलिनचं इंजेक्शन वेळेवर टोचलं तर बाळ वाचतं, त्या रोगानं दोन लाख! ह्याला रोग म्हणू नका. ही वाटपाची हरामखोरी आहे.

उलट बाजूही बघा. दक्षिण आफ्रिकेत एच.आय.व्ही.नं थैमान घातलं होतं. आईकडून बाळाला जाणारा जंतू अडवणारी नेविरापीन नावाची गोळी आली. १९९९ साली युगांडातल्या अभ्यासानं दाखवलं की कळा सुरू झाल्यावर आईला एक गोळी आणि बाळाला एक डोस दिला तर लागण जवळपास निम्म्यावर येते. कंपनीनं ती पाच वर्षं फुकट द्यायची तयारी दाखवली. सरकारनं काय केलं? एकेका प्रांतात फक्त दोन ठिकाणी दिली. बाकीच्या आयांनी काय करायचं? तिथले कार्यकर्ते, त्यांतले कितीतरी स्वतः रुग्ण, रस्त्यावर उतरले आणि कोर्टातही गेले. ५ जुलै २००२ ला तिथल्या घटना न्यायालयानं सरकारला फटकारलं आणि गोळी सगळीकडं द्यायला लावली. त्यांनी संशोधनाला शिव्या घातल्या नाहीत. संशोधन वाचलं, पाठ केलं आणि राज्यघटना हातात घेऊन ते मागितलं. घटना हातात घेण्याचं शिक्षण आपल्याला कुणी द्यायला हवं का?

आपल्या अंगणातले आकडे

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बाया तपासल्या. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. शंभरातल्या ९२ बायांना अंगावरचा काही ना काही रोग होता, त्यात जंतुदोषाचे पुष्कळ. आधी कधीही अशी तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त ८. म्हणजे दुखणं घराघरात, आणि डॉक्टर कुठंच नाही. बाई म्हणते, 'पांढरं जातंय, कंबर मोडतीय, चालायचंच.' ह्याच बाया गरोदर होतात. हाच जंतुदोष पोटातल्या लेकरापर्यंत, वेळेआधीच्या कळांपर्यंत जातो.

आणि इलाज केला नाही की काय होतं ते बीडला बघा. ऊसतोडीच्या बाया. त्यात आपल्या आहेत, भटक्या-विमुक्तांच्या आहेत, वंजाऱ्यांच्या आहेत. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, गरोदर बाई सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहते. अंगावर जातंय म्हणून दवाखान्यात गेली की खाजगी डॉक्टर सांगतो कॅन्सर होईल, पिशवी काढ. २०१९ साली सरकारी समितीनं पाहणी केली. ८२,३०९ बाया पाहिल्या, त्यात १३,८६१ बायांची पिशवी काढलेली. जो जंतुदोष गोळ्यांनी बरा झाला असता त्यापायी अवयवच गेला. मुकादमाचा खाडा वाचला, डॉक्टरचं बिल झालं.

लघवीचं तर कुणी बोलतच नाही. गरोदर बाईच्या लघवीत काहीही न दुखता जंतू असू शकतात, आणि सोडून दिले तर त्यातल्या पुष्कळ बायांची मूत्रपिंडं सुजतात, ताप चढतो, पोर वेळेआधी होतं, हे बोस्टनच्या एडवर्ड कासनं १९६० च्या आसपास दाखवलं. आता वस्तीत या. संडास नाही, म्हणून बाई अंधार पडेपर्यंत दाबून धरते. जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. २०१५ साली ओडिशातल्या ६७० गरोदर बायांचा अभ्यास छापून आला. उघड्यावर जाणाऱ्या बायांत बाळंतपण बिघडण्याची शक्यता दुपटीहून अधिक निघाली. संडासाचा प्रश्न आता कळला का कुठल्या वॉर्डातला आहे?

आणि नागपूर. आपल्या दीक्षाभूमीचं नागपूर. सात देशांत एक मोठी चाचणी झाली, त्यातलं एक केंद्र नागपूर, एक बेळगाव. २९ हजारांहून अधिक बाया. कळा सुरू झाल्यावर निम्म्यांना ॲझिथ्रोमायसीन ह्या औषधाचा २ ग्रॅमचा एकच डोस, निम्म्यांना दिसायला तशीच साधी गोळी. २०२३ साली निकाल लागला. जंतुदोष अंगभर पसरणं किंवा मृत्यू, ह्याचं प्रमाण औषध घेणाऱ्या आयांत शंभरी १.६, न घेणाऱ्यांत २.४. म्हणजे तिसरा हिस्सा कमी. बाळांना मात्र फायदा दिसला नाही. ह्यात टस्कीगीसारखं काही झालं असं मी म्हणत नाही, कारण इथं माहीत असलेला इलाज कुणाचा काढून घेतला नव्हता. पण माझा सवाल निराळा आहे. अशा चाचण्यांत अंग देणाऱ्या बाया बहुतेक गरीबच असतात. ज्ञान त्यांच्या अंगावर तयार होतं. मग ते ज्ञान परत त्यांच्या वस्तीत कधी येणार, आणि कोण आणणार?

शेवटचा आकडा, तोही नसलेला. २०१८-२० च्या सरकारी पाहणीप्रमाणं महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागं ३३ आया मेल्या, देशात ९७. महाराष्ट्राची पाठ थोपटली गेली. पण त्या ३३ मध्ये आपल्या किती, पारध्यांच्या किती, कातकऱ्यांच्या किती? ते पत्रक राज्यवार असतं, जातवार नसतं. मरताना म्हणे जात नसते! संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागानं २०१८ साली दाखवून दिलं की भारतात दलित बाईचं मरतेवेळचं सरासरी वय उच्चवर्णीय बाईपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. साडेचौदा वर्षं कुणी चोरली? मुक्ता साळवेचं अख्खं वय होतं तेवढं.

आपल्यातल्यांना दोन शब्द

एक जण म्हणेल, हा बायकांचा प्रश्न, आधी मोठी लढाई. बाबासाहेबांना असं वाटलं नव्हतं. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या बिलाला ते उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार सरकारनंही उचलला पाहिजे, असं त्यांनी मांडलं. ज्या घरात पाचांतली चार लेकरं लहानपणीच गेली त्या घरातला माणूस बोलत होता. तुम्ही त्यांच्याहून मोठे क्रांतिकारक झालात काय?

दुसरा म्हणेल, आपल्याच बाया अडाणी, तपासायला जात नाहीत. साहेब झालेले आपलेच लोक हे जास्त म्हणतात. का जात नाहीत? नर्स लांबून बोलते, हात लावत नाही, नावावरून आडनाव, आडनावावरून गल्ली ओळखते. खाडा झाला तर मजुरी जाते. अपमान फुकटचा आणि गाडीभाडं पदरचं. हे बदला, मग अडाणीपण मोजा.

तिसरा म्हणेल, सरकारी सुई नको, ते आपल्यावर प्रयोग करतात. टस्कीगी सांगितल्यावर ही भीती खोटी असं मी कसं म्हणू? पण तिथं सुई दिली म्हणून माणसं मेली नाहीत. सुई दिली नाही म्हणून मेली. हे विसरून अंगारे-धुपारे करत बसलो, ताप चढलेल्या बाळंतिणीला 'बाहेरचं' म्हणून उतारा टाकत बसलो, तर आपण मनूचंच काम फुकटात करतोय. बुद्धानं सांगितलं, या आणि पाहा. हगवणीनं घाणीत पडलेल्या भिक्खूला त्यानं आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातानं धुतलं. आपला धम्म तिथं आहे, उताऱ्याच्या लिंबात नाही.

म्हणून प्रत्येक वस्तीतल्या शाखेनं पुढली कामं घ्यावीत. भाषण नंतर.

१. वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद पहिल्या तीन महिन्यांत झालीच पाहिजे. रक्तात उपदंश, एच.आय.व्ही. आणि हिमोग्लोबिन, शिवाय लघवी, हे सगळं तपासलं का ते आशाताईला विचारा. नसेल तर दहा जण मिळून आरोग्य केंद्रात जा. उपदंश निघाला तर नवऱ्याचीही तपासणी आणि इलाज. लाजायचं असेल तर त्यानं लाजावं, तिनं नाही.

२. धनुर्वाताची इंजेक्शनं पुरी झाली का ते कार्डावर बघा.

३. बाळंतपण दवाखान्यातच. वाटेत झालंच तर पाच गोष्टी: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं पातं, स्वच्छ दोरा, आणि नाळेला काही न लावणं.

४. बाळंतपणानंतर सव्वा महिन्यात ताप, थंडी, ओटीपोटात दुखणं, घाण वासाचं जाणं, ह्यातलं एक दिसलं की त्याच दिवशी सिव्हिल. रात्र असली तरी. बाळ प्यायचं थांबलं, गार पडलं, नायतर तापलं, तरी तेच. गडचिरोलीत बंगांनी गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना शिकवून बाळांचा जंतुदोष ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला लावलं. १९९९ साली छापलेल्या निकालात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसतात. गावच्या बाईचा हात! शिकवला तर तो असा चालतो.

५. बाळंतपणात बाई गेली तर गप्प बसायचं नाही. मातामृत्यूची चौकशी करायचा सरकारचाच नियम आहे. चौकशी झाली का, त्यात काय निघालं, ते लेखी मागा. २०१० साली दिल्लीच्या उच्च न्यायालयानं बाळंतपणातून जिवंत वाचणं हा एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग धरलाय. भीक नाही मागायची.

६. शाखेची स्वतःची वही ठेवा. नाव, गल्ली, तारीख, ताप कधी आला, गाडी कधी आली, कोण काय बोललं. सरकार जातवार आकडा देत नसेल तर आपण मोजू.

७. वस्तीत कुणी संशोधनाला आलं तर हाकलू नका आणि पायाही पडू नका. विचारा: काय देणार, काय काढून घेणार, बाईला तिच्या भाषेत समजावलंय का, नको म्हणाली तर इलाज बंद होणार नाही ना, आणि निकाल लागल्यावर औषध ह्या वस्तीला मिळणार का?

व्हिएन्नाच्या बाया गुडघ्यावर बसून विनवत होत्या की आम्हाला ह्या वॉर्डात घालू नका. त्यांचं म्हणणं कुणी ऐकलं नाही, आणि त्यांचंच खरं होतं. आपल्या बायाही काहीतरी सांगताहेत. पांढरं जातंय, जळजळतंय, पोर हलेना, अंग तापलंय. पुढच्या बैठकीत पहिला विषय हा घ्या. आणि त्या बैठकीत सतरंजी घालायला नव्हे, बोलायला बाया असू द्या.

जयभीम.